सर्च कन्सोल आठ महिने वापरल्यावर: आधी मालकी कुणाच्या नावावर आहे ते बघा

आमचं चादर-टॉवेलचं दुकान सोलापूरच्या नवी पेठेत, माल अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लूमवरून (यंत्रमागावरून) येतो आणि वेबसाईट चार वर्षांपासून आहे. सर्च कन्सोल म्हणजे आपली साईट गूगलच्या शोधात कशी दिसते ते साईटच्या मालकाला दाखवणारं गूगलचं टूल, २०१५ पर्यंत त्याला वेबमास्टर टूल्स म्हणायचे आणि आमच्याकडं अजूनही सगळे तेच म्हणतात, ओळख एवढीच पुरे. आठ महिन्यांत काय काय झालं तेवढं सांगतो.

मागच्या जूनमध्ये साईटचं डिझाईन नवीन करून घेतलं, जुन्या डेव्हलपरकडूनच. दिसायला झकास झाली, बाबांनी पाहुण्यारावळ्यांना मोबाईल फिरवून फिरवून दाखवली. जुलै लागला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चौकश्या आटल्या. आधी रोज पाच-सहा यायच्या, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या लॉजवाल्यांच्या टॉवेलसाठी, मधूनच पुण्या-मुंबईच्या लोकांच्या चादरीसाठी. त्या दोन दिवसांतून एक अशा झाल्या. मला वाटलं पावसाळा आहे, धंदा मंदच असतो. बाबा म्हणाले, "अरे दिसतंय की आपलं, मी आत्ताच शोधलं, पहिल्या नंबरला आहे." ते दुकानाचं पूर्ण नाव टाकून शोधत होते आणि त्यांना दिसत होती ती मॅपवरची दुकानाची नोंद. साईट त्यात कुठंच नव्हती. हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले.

डेव्हलपरला फोन केला, म्हटलं मला सर्च कन्सोल बघायचंय. तर म्हणाला, "सर, ते आमच्या अकाऊंटला आहे, तुम्हाला रिपोर्ट पाहिजे तर मंथली पॅकेज घ्या, ८ हजार." साईट माझी, पैसे माझे, डोमेन (साईटचं इंटरनेटवरचं नाव) माझं, आणि त्या साईटचे आकडे बघायला महिन्याला ८ हजार! मी विचारलं साईट गूगलवर का दिसत नाही, तर म्हणे नवीन डिझाईनला वेळ लागतो, दोन-तीन महिने धरा. त्या दिवशी मी जेवलो नाही इतका संताप झाला होता.

नंतर कळलं की त्याच्या परवानगीची गरजच नाही. डोमेन ज्याच्या ताब्यात तो स्वतः मालक म्हणून व्हेरिफाय होऊ शकतो, आधीचा मालक कुणी का असेना, आणि हे फुकट आहे. आता डोमेनचं लॉगिन कुणाकडं? बाबांना कागद टाकायची सवय नाही, लाईट बिलाच्या फाईलमध्ये चार वर्षांपूर्वीचं डोमेनचं बिल नीट पंच करून लावलेलं सापडलं, ईमेल बाबांचाच. ते बिल नसतं तर मी आजही त्या माणसाच्या मागं फिरत असतो. सर्च कन्सोलमध्ये डोमेन प्रॉपर्टी (अख्ख्या डोमेनची नोंद) निवडली, गूगलनं एक लांबलचक ओळ दिली, ती डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये, म्हणजे डोमेन जिथून घेतलं तिथल्या तांत्रिक नोंदींमध्ये, टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून चिकटवली. व्हेरिफाय दाबलं, फेल. परत दाबलं, फेल. चहा पिऊन आलो, तिसऱ्यांदा दाबलं आणि झालं. डीएनएसला पसरायला वेळ लागतो, कधीकधी एखादा दिवससुद्धा, तेव्हा घाबरून ती ओळ काढू नका. नंतरही काढायची नाही, ती असेपर्यंतच मालकी टिकते.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे वरच्या पट्टीत होम पेजचा पत्ता टाकून यूआरएल इन्स्पेक्शन, म्हणजे त्या एका पानाची तपासणी. उत्तर आलं की पान गूगलवर नाही, कारण नोइंडेक्स टॅग, म्हणजे हे पान शोधात घेऊ नका अशी सूचना. मी आधी रोबोट्स फाईल (सर्च इंजिननी साईटवर कुठं फिरावं, कुठं नाही ते सांगणारी) उघडून बघत बसलो, ती स्वच्छ होती, डोकं चालेना. मग समजलं की आमची साईट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये आता तो अडसर रोबोट्स फाईलमध्ये नसतोच, पानाच्या कोडमध्ये एक ओळ घातली जाते. सेटिंग्जमध्ये रीडिंगच्या पानावर खाली एक चौकोन आहे, सर्च इंजिननी ही साईट इंडेक्स करू नये अशा अर्थाचा. डिझाईन चालू असताना डेव्हलपरनं तो टिक केला आणि साईट चालू करताना काढायचा विसरला. एक टिक! त्यापायी आमचा दीड महिना गेला. टिक काढली, लाईव्ह टेस्ट केली, रिक्वेस्ट इंडेक्सिंग दाबलं, होम पेज दोन दिवसांत परत आलं. बाकीच्या पानांना जवळपास तीन आठवडे लागले, कारण ते बटण दिवसाला ठरावीक वेळाच चालतं, त्यामुळं साईटमॅप (साईटवरच्या पानांची यादी) टाकून वाट बघायची.

आता मालकीचं सांगतो, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि यावर कुणीच बोलत नाही. सेटिंग्जमध्ये यूजर्स अँड परमिशन्स म्हणून पान आहे. मी साईटची यूआरएल प्रीफिक्सवाली प्रॉपर्टी (साईटच्या एका ठरावीक पत्त्यापुरती नोंद) पण जोडली, डोमेन आपल्याकडं असल्यानं ती आपोआप व्हेरिफाय झाली, आणि तिथं बघतो तर माझ्याशिवाय दोन मालक. एक डेव्हलपर, दुसरा ईमेल आम्ही आयुष्यात कधी ऐकलेला नाही. विचारल्यावर कळलं की त्यांच्याकडं पूर्वी काम करणारा मुलगा आहे, सोडून गेलाय. म्हणजे सोडून गेलेला माणूस आमच्या साईटचा मालक! आणि मालक काय करू शकतो ते माहिताय का? रिमूव्हल्सच्या पानावरून साईटची पानं गूगलच्या निकालातून साधारण सहा महिने लपवू शकतो. त्यानं तसं केलं असं मी म्हणत नाही, पण चावी त्याच्या खिशात होती.

नुसतं यादीतून काढून चालत नाही हेही नंतर कळलं. त्यांनी ज्या मार्गानं व्हेरिफाय केलं होतं तो पुरावा साईटवर शिल्लक असेल तर ते परत मालक होऊ शकतात. म्हणून होस्टिंगच्या (साईटच्या फाईली जिथं ठेवलेल्या असतात त्या जागेच्या) फाईल मॅनेजरमध्ये गेलो, मुख्य फोल्डरमध्ये गूगल नावानं सुरू होणारी छोटी एचटीएमएल फाईल होती, ती उडवली. दुसऱ्याचा टॅग थीमच्या हेडरमध्ये होता, तोही काढला. मग परत जाऊन तपासलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते, आईनं दोनदा हाक मारली, पण ते दोन ईमेल जाईपर्यंत मी उठलो नाही. दुसऱ्यांना काम करायला द्यायचं असेल तर फुल किंवा रिस्ट्रिक्टेड यूजर करा, नुसतं बघायला रिस्ट्रिक्टेड पुरतं, मालकी कुणाला देऊ नका.

सप्टेंबरपर्यंत मी या टूलवर खूश होतो, मग चिडलो. पेजेसच्या रिपोर्टमध्ये "क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" असा एक गट असतो, म्हणजे गूगलनं पान वाचलं पण ठेवलं नाही. आमची टॉवेलची ४३ पानं त्यात. का ठेवलं नाही, याचं एक अक्षर नाही. नोइंडेक्स असेल तर सांगतात, ४०४ (पानच सापडत नाही) असेल तर सांगतात, इथं काहीच नाही, वाचलं आणि बाजूला ठेवलं. मी तेव्हा हे लिहिलं असतं तर पाचपैकी दोन स्टार दिले असते. रोज एकेक पान रिक्वेस्ट करायचो, परत तिथंच.

गणपतीत चार दिवस दुकानात तशी गर्दी नव्हती, तेव्हा ती ४३ पानं एकापाठोपाठ स्वतः वाचली. ३० बाय ६० इंची टॉवेल, पांढरा. ३० बाय ६० इंची टॉवेल, निळा. ३० बाय ६० इंची टॉवेल, मरून. खालचा मजकूर शब्दाला शब्द तोच, फक्त रंग बदललेला. लॉजवाला काय विचारतो? जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) किती, धुलाईत रंग जातो का, लॉजचं नाव काठावर विणून मिळेल का, कमीत कमी किती नग. यातलं एकही पानावर नव्हतं. मीच गिऱ्हाईक असतो तर मीही ते पान ठेवलं नसतं. मग ४३ ची ९ पानं केली, रंग एकाच पानावर, जीएसएम, वजन, धुवायची पद्धत, नगाची अट सगळं लिहिलं, जुने पत्ते ३०१ नं (पत्ता कायमचा बदलल्याची सूचना) नवीन पानांकडं वळवले. दीड महिन्यात नऊपैकी सात गूगलमध्ये आली. म्हणून माझं मत बदललं. कारण सांगत नाहीत हा दोष अजूनही आहेच, नवख्या माणसाला निदान एवढं तरी सांगा की बाबा तुझी पानं एकसारखी आहेत, पण गूगलनं त्या पानांवर अन्याय केला होता असं मी आता म्हणणार नाही.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो परफॉर्मन्सच्या रिपोर्टमध्ये. लोक काय टाईप करून येतात ते तिथं दिसतं. चादर हा शब्द इंग्रजीत लोक किती तऱ्हांनी लिहितात, एक डी, दोन डी, शेवटी ए आर, शेवटी ई आर. आणि एक प्रश्न सारखा येत होता, "ओरिजनल सोलापुरी चादर कशी ओळखायची". त्यावर आमची साईट पस्तिसाव्या वगैरे नंबरला दिसायची, क्लिक शून्य, कारण तसं पानच नव्हतं. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, तरी बाहेरगावी काहीही माल या नावानं विकतात, त्यामुळं लोकांचा प्रश्न रास्तच आहे. मी आमच्या लूमवरच्या मामांना घेऊन बसलो, तीस वर्षं जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) काम केलेला माणूस. त्यांनी चादर उलटी करून दाखवली, डिझाईन दोन्ही बाजूंना पण रंग अदलाबदल झालेले, काठावर नाव विणलेलं, छापलेलं नाही, हातात घेतल्यावर सुताचा भरीवपणा. त्यांचा हात आणि चादर असे सहा फोटो काढले, ते बोलले तसंच लिहिलं. ते पान आता सहाव्या-सातव्या नंबरला असतं आणि जानेवारीत सोलापूरला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत त्यावरून चौकश्या आल्या, एकजण तर पान मोबाईलवर उघडून दुकानात आला आणि चादर उलटी करून बघून मगच घेतली.

त्याच वेळी बाबा घाबरले, कारण सरासरी पोझिशन ११ वरून २४ वर गेली. त्यांना वाटलं साईट पडली. तसं नसतं. आधी आम्ही मोजक्या शब्दांवर दिसायचो, आता कितीतरी नवीन शब्दांवर मागं मागं का होईना दिसतो, सगळ्यांची सरासरी काढली की आकडा मोठा दिसणारच. क्लिक वाढलेत का ते बघा, आणि पोझिशन बघायचीच तर एकेका शब्दाची बघा. शब्दांच्या यादीतले क्लिक आणि वरची बेरीज जुळत नाही तेव्हाही घाबरू नका, फार कमी लोकांनी शोधलेले शब्द प्रायव्हसीसाठी दाखवत नाहीत.

डेटा फक्त १६ महिन्यांचा राहतो, आमच्यासारख्या दिवाळी-लग्नसराईच्या धंद्याला तीन दिवाळ्या शेजारी ठेवून बघायच्या असतात, तर दर महिन्याला एक्स्पोर्ट करून शीटमध्ये साठवतो, तिथंही टेबलात हजार ओळींच्या वर येत नाही. कोअर वेब व्हायटल्समध्ये (साईट किती झटपट उघडते-चालते त्याचा रिपोर्ट) आम्हाला पुरेसा डेटा नाही एवढंच दिसतं, ते खऱ्या क्रोम वापरणाऱ्यांच्या आकड्यांवर चालतं आणि छोट्या साईटला तेवढी गर्दी नसते. मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्च इंजिनचं वेबमास्टर टूल्सपण जोडलं, सर्च कन्सोलवरून दोन मिनिटांत इम्पोर्ट होतं, गिऱ्हाईक थोडं येतं पण फुकट आहे तर का सोडा.

जानेवारीच्या शेवटी डेव्हलपरचा मेसेज आला, "सर आमचा अ‍ॅक्सेस गेलाय, परत द्या, होस्टिंगचं काम असतं." मी रिस्ट्रिक्टेड दिला. त्यावर तो म्हणाला ओनर पाहिजे, त्याशिवाय काम होत नाही. होस्टिंगच्या कामाला सर्च कन्सोलची मालकी लागत नाही, मी तसं लिहून पाठवलं आणि त्याच आठवड्यात होस्टिंगचा पासवर्डपण बदलला. डोमेनचं नवीन बिल बाबांनी फाईलला लावलंय, यावेळी मी त्याचा फोटोपण काढून ठेवला.