सिला, कायोनोडॉक्सा की पुश्किनिया? निळी फुलं ओळखायची कशी

थंडी सरता सरता जमिनीतून इवलीशी निळी फुलं वर येतात ना, ती लांबून सगळी सारखीच दिसतात, आणि फोटोवर विसंबून कंद घ्यायचे म्हणाल तर निळा रंग कॅमेऱ्यात धड येतच नाही. म्हणून मी म्हणेन रंग सोडा, उकिडवे बसा आणि फुलाच्या आत बघा.

सिला सायबेरिका मान खाली घालून असतं, बोटाने फूल वर उचललं तरच आतलं दिसतं. सहाही पाकळ्या सुट्ट्या, पुंकेसर वेगवेगळे आणि पराग चक्क निळे, बोटाला निळी पूड लागते! नावात सायबेरिया असलं तरी हे मूळचं कॉकेशस-तुर्कस्तानकडचं.

कायोनोडॉक्सा मात्र वर आभाळाकडे बघतं. मधोमध पांढरा डोळा, पाकळ्या तळाशी जुळून बारीक नळी झालेली, आणि पुंकेसरांचे पांढरे चपटे देठ मधे एकत्र येऊन छोटा सुळका होतो. तो सुळका दिसला की शंकाच नको. हल्ली बरेच शास्त्रज्ञ यालाही सिलातच धरतात, त्यामुळे पाकिटावर सिला लिहिलेलं असलं तरी हे निघू शकतं.

पुश्किनिया सोपं आहे, फिकट, जवळजवळ पांढरं, प्रत्येक पाकळीवर मधून निळी रेघ आणि आत डॅफोडिलसारखी छोटीशी वाटी. मस्कारी म्हणजे तोंड आवळलेल्या मडक्यांचा घड, काठ पांढरा, त्यात गोंधळ व्हायला नको.

खरी गडबड ब्लूबेल या घंटेसारख्या निळ्या फुलांमध्ये, कारण त्यांच्या इंग्लिश आणि स्पॅनिश अशा दोन जाती आहेत. इंग्लिश ब्लूबेलचा देठ टोकाशी झुकतो, फुलं एकाच बाजूला लटकतात, नळी अरुंद, पराग क्रीम रंगाचे, वास गोड. स्पॅनिशचा देठ ताठ, फुलं चहूबाजूंनी, घंटा जास्त उघडी, पानं ३ सेंमीपर्यंत रुंद, पराग निळसर आणि वास जवळपास नाहीच. दोघांचा संकर सर्रास होतो आणि तो मधलाच कुठेतरी असतो, तेव्हा एका खुणेवर जाऊ नका, चार खुणा जुळवा.

लावायचं काय? पानझडी झाडाखाली निळा गालिचा हवा असेल तर डोळे झाकून सिला, बी पडून आपोआप पसरतं. उन्हात, वाटेकडेला कायोनोडॉक्सा, कारण तोंड वर असल्याने उभ्या उभ्या दिसतं. मस्कारी हावरट आहे, पसरून जागा बळकावतं, म्हणून छोट्या वाफ्यात नको, कुंडीत ठेवा. आणि जवळ इंग्लिश ब्लूबेलचं रान असेल तर स्पॅनिश प्लीज लावू नका, मधमाश्या कुंपण बघत नाहीत.