टूना, सार्डिन की बांगडा? डबाबंद मासे आणि भात, चौघांच्या जेवणाचा हिशोब

डबाबंद माशांच्या फळीसमोर उभं राहिलं की नजर आधी माशाच्या नावावर जाते. भातासाठी घेत असाल तर नाव नंतर वाचा, मासा कशात बुडवलाय ते आधी वाचा: पाण्यात, तेलात की टोमॅटोत. भाताला स्वतःची चव जेमतेम, आणि डब्यातल्या माशाची निम्मी चव भोवतीच्या द्रवात उतरलेली. तो द्रव मोरीत ओतून दिला की हाती चोथा उरतो. मग ‘डब्यातल्या माशाला चवच नसते’ ही तक्रार ठरलेली.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की हा मासा शिजवायचा नसतो, फक्त गरम करायचा असतो. डबा बंद केल्यावर तो दाबाखाली, साधारण 120 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेला असतो. मी पहिल्यांदा केला तेव्हा टूना तांदळाबरोबरच पातेल्यात टाकला आणि वीस मिनिटं निवांत शिजू दिला. झाकण काढलं तर करड्या रंगाचा भुसा भातभर पसरलेला. ‘यात मासा कुठंय?’ असा प्रश्न आला, आणि तो रास्त होता.

टूना की सार्डिन

खरी निवड या दोघांतच असते. टूना हा मोठा मासा. डब्यात भरण्याआधी तो बहुधा एकदा वाफवतात, काटे-कातडी काढतात आणि मग डब्यात पुन्हा शिजवतात. दोनदा शिजल्यामुळे तो कोरडा, पण स्वच्छ, बिनकाट्याचा आणि बेताच्या वासाचा. मुलं लहान असतील, किंवा माशाच्या वासाने नाक मुरडणारं कोणी घरात असेल, तर टूना घ्यावा.

सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला छोटा, तेलकट मासा. तो अख्खाच भरतात. डोकं आणि आतडी काढलेली, काटा मात्र आत. ‘काटा’ म्हटल्यावर मागे सरणाऱ्यांनी एक करून बघावं: डबा उघडून एक मासा पुस्तकासारखा मधून उघडायचा, मधला कणा बोटांत धरून चुरडायचा. ओल्या खडूसारखा चुरा होतो. दाबाखालच्या उष्णतेने काट्याचा ताठरपणा गेलेला असतो, म्हणून तो खाता येतो, आणि खावाच. काट्यासकट 100 ग्रॅम सार्डिनमध्ये साधारण 380 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. बिनकाट्याच्या टूनात ते नावापुरतं. अगदी लहान मुलाला द्यायचा असेल तर कणा फोर्कने नीट कुस्करून भातात मिसळा, म्हणजे घशाला काही टोचायची धास्ती नाही.

प्रथिनांच्या बाबतीत दोघं जवळपास सारखेच, 100 ग्रॅमला 20 ते 25 ग्रॅम. पाऱ्याच्या बाबतीत तसं नाही. मोठा मासा जास्त जगतो, इतर मासे खातो, त्यामुळे त्याच्यात पारा साठत जातो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या मोजणीत सार्डिनमध्ये पाऱ्याचं सरासरी प्रमाण दहा लाख भागांत 0.013 भाग इतकं आलं, साध्या ‘लाइट’ टूनात त्याच्या जवळपास दहापट, आणि ‘व्हाइट’ म्हणजे अल्बाकोर जातीच्या टूनात 0.35. महिन्यातून एखाद्या वेळी खाणाऱ्याने याची चिंता करू नये. पण आठवड्यातून दोन-तीनदा हेच जेवण होणार असेल, किंवा घरात गरोदर बाई वा लहान मूल असेल, तर नेहमीचा मासा सार्डिन ठेवावा, आणि टूना घेतलाच तर ‘लाइट’ घ्यावा.

माझा कौल सार्डिनकडे आहे, तोही तेलातल्या. कारण पोषण नाही, पातेलं आहे. डब्यातलं तेल सरळ पातेल्यात ओतायचं, त्यातच फोडणी करायची: लसणाच्या चकत्या, उभा चिरलेला कांदा, एखादी सुकी मिरची. कांद्याच्या कडा तपकिरी झाल्या की धुऊन निथळलेला तांदूळ टाकून दाणे चकचकीत होईपर्यंत परतायचे, मग गरम पाणी, मीठ नेहमीच्या निम्मंच. भात शिजून पाणी आटलं की मासे अख्खेच वर मांडायचे, झाकण लावायचं, गॅस बंद करायचा आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. नंतर लिंबू पिळून फोर्कने हलक्या हाताने मोडायचं. माशाचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती आम्लाने मवाळ होतात, त्यामुळे लिंबू इथे हौसेचं नाही. नसेल तर चमचाभर व्हिनेगर चालेल.

टूनाला हे जमत नाही. त्याला कढई लागते. पाणी घट्ट पिळून काढा, गरम तेलात लसूण-मिरची टाका, टूना पसरा आणि दोन मिनिटं ढवळू नका. खालची बाजू सोनेरी, किंचित कुरकुरीत झाली की त्याच्या कोरडेपणाचा दोष राहत नाही, उलट तोच कामी येतो. मग त्यात सकाळचा गार, मोकळा भात. अंडं असेल तर बाजूला फोडून मिसळा. तुकड्यांच्या महाग डब्याची इथे काही गरज नाही, चुऱ्याचा स्वस्त डबा घ्या. कढईत सगळ्याचा चुराच होणार आहे.

तेल की टोमॅटो

बांगडा आणि सार्डिन दोन्ही टोमॅटोच्या रसात मिळतात. बांगड्याचे तुकडे जाड, मांस घट्ट. ज्यांना सार्डिन फार मऊ वाटतो त्यांनी हा घ्यावा. काटा त्याचाही मऊच.

टोमॅटोचा डबा घेऊन लोक एक चूक हमखास करतात, तो थेट तांदळात ओततात. दाट रस तळाशी बसतो, लागतो, आणि वरचा भात कच्चा राहतो. भात वेगळा करा आणि रस्सा वेगळा. कांदा-लसूण परतून त्यात डब्यातला रस, डबा विसळून घेतलेलं अर्धी वाटी पाणी, तिखट, आणि रस्सा वाढवायचा असेल तर एक बटाटा बारीक चिरून. बटाटा शिजला की मासे शेवटच्या दोन मिनिटांत सोडायचे. दोन डब्यांत चौघं पोटभर जेवतात आणि भाताला भरपूर ओल मिळते. मुलांना हा प्रकार तेलातल्यापेक्षा जास्त आवडतो, असा माझा अनुभव, मोठ्यांना उलट.

एका भांड्यात उरकायचं तर तेलातला डबा, रस्सा-भात हवा तर टोमॅटोतला. पाण्यातला डबा फक्त टूनापुरता, तोही कढईसाठी.

सॅमनबद्दल थोडक्यात: चव छान, काटा मऊ, कॅल्शियम चांगलं, पण आठवड्याच्या हिशोबात बसवायला तो बहुधा सगळ्यांत महाग पडतो, आणि भातात मिसळल्यावर त्याची नजाकत अर्धी हरवते. कधी घेतलाच आणि डब्यात काचेसारखे खडे दिसले तर घाबरून जाऊ नका. आमच्याकडे एकदा यावरून रात्री नऊ वाजता बरंच रामायण झालं होतं. ते स्ट्रुव्हाइट नावाचे खनिज स्फटिक असू शकतात. माशातल्याच द्रव्यांपासून बनतात आणि निरुपद्रवी असतात. खडा कोमट व्हिनेगरमध्ये टाकून ठेवा. विरघळू लागला तर स्फटिक, तसाच राहिला तर काच समजून डबा टाकून द्या.

तांदूळ कोणता

लांब दाण्याच्या तांदळात अमायलोज नावाचा स्टार्च जास्त, म्हणून भात मोकळा होतो. आखूड, गोल दाण्यात तो कमी, म्हणून भात आसट. तेलातल्या सार्डिनला आणि कढईतल्या टूनाला मोकळा भात हवा. टोमॅटोच्या रश्शाला आसट भात अधिक शोभतो, कारण तो रस धरून ठेवतो. टिक्क्या करायच्या तर आसटच: दोन मूठ भात, एक डबा मासा, कांदा, मिरची, सगळं मळून थापायचं. भाताचा चिकटपणाच बांधून ठेवतो, अंडं लागत नाही. मोकळ्या भाताच्या टिक्क्या तव्यावर फुटतात, तिथे अंड्याशिवाय गत्यंतर नाही.

उकडा तांदूळ या जेवणात लोक विसरतात. तो शिजायला थोडा वेळ जास्त घेतो, पण ब जीवनसत्त्वं पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त राखतो, आणि रश्शात पडला तरी दाणा टिकतो. रोजच्यासाठी वाईट नाही.

पैशांचा हिशोब

डब्यावर दोन वजनं असतात, एक एकूण आणि एक निथळल्यानंतरचं. समजा एका डब्यावर 155 ग्रॅम आणि निथळून 90 लिहिलंय, दुसऱ्यावर 125 आणि निथळून 95. दिसायला पहिला मोठा, मासा दुसऱ्यात जास्त. म्हणून किंमत निथळलेल्या वजनाने भागायची. पण इथेही द्रव कोणता ते बघाच. तेलाच्या डब्यातला फरक म्हणजे वाचलेली फोडणी, टोमॅटोच्या डब्यातला म्हणजे वाचलेले टोमॅटो. खाऱ्या पाण्याच्या डब्यातला फरक म्हणजे नुसतं पाणी.

चौघांना दोन वाट्या, म्हणजे साधारण 300 ग्रॅम तांदूळ आणि 110 ग्रॅम निथळलेल्या माशाचे दोन डबे पुरतात. माणशी 55 ग्रॅम मासा, त्यातून 12-13 ग्रॅम प्रथिनं, भातातून आणखी पाच. ऐकायला मासा कमी वाटतो, पण चव द्रवातून सगळ्या भाताला लागलेली असते, त्यामुळे ताटात कमी पडल्यासारखं होत नाही. एकच डबा शिल्लक असेल तर तेलातला सार्डिन असू द्या, आणि वरून अंडं किंवा कोबी घाला. एका डब्यातला पाण्यातला टूना चौघांत वाटला तर शोधावा लागतो.

साठवायला घेताना फुगलेला, गळणारा, किंवा शिवणीवर खोल पोचा आलेला डबा घेऊ नका, कितीही सवलतीत असला तरी.

उरलं तर

माशाची भीती असते सगळ्यांना, भाताची कोणालाच नसते. खरं तर इथे भातच जास्त दगा देतो. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून कढईसाठी भात ‘शिळा’ हवा याचा अर्थ रात्रभर ओट्यावर ठेवलेला नव्हे. परातीत पसरून तासाभरात गार करा, फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. मासेभात उरला तरी हाच नियम.

अर्धा डबा उरला तर मासा काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात काढून, वर त्याचंच तेल ओतून फ्रीजमध्ये ठेवा. मूळ डब्यात ठेवला तर, विशेषतः टोमॅटोतला असेल तर, धातूची चव उतरते. तीन दिवसांत संपवा. तेलातला सार्डिन दुसऱ्या दिवशी, मिरी आणि कच्चा कांदा घालून गरम भातावर, पहिल्या दिवसापेक्षा बरा लागतो.