हायपोथेसिस टेस्टिंगचा कोर्स: शिकवलंय मस्त, पण क्विझमधलं एक उत्तर चक्क चुकीचं

पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की नल (म्हणजे 'वेगळं काही घडत नाहीये' हे गृहीतक) रिजेक्ट, एवढं पाठ करून मी कॉलेजात पास झाले होते. पण रिजेक्ट केलं म्हणजे नेमकं काय केलं असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, म्हणून हा सहा आठवड्यांचा रेकॉर्डेड कोर्स घेतला आणि परवाच संपवला.

पहिला आठवडा खरंच अप्रतिम आहे. फॉर्म्युला एकही नाही, सरळ नाणं घेऊन बसवतात. दहा वेळा उडवलं आणि ८ वेळा छापा आला, तर नाण्यात खोट आहे म्हणायचं का? तर आधी धरून चालायचं की नाणं चोख आहे, हेच आपलं नल, आणि मग मोजायचं की चोख नाण्याकडून इतका किंवा याहून एकतर्फी निकाल कितीदा येईल. एकूण शक्यता १०२४, त्यात ८ किंवा जास्त छापे ५६ प्रकारे, काट्याच्या बाजूनेही तेवढेच, म्हणजे ११२ भागिले १०२४, साधारण ०.११, हीच पी व्हॅल्यू. एवढ्यावरून नाण्याला खोटं ठरवता येत नाही, पण ते चोख आहे हेही सिद्ध होत नाही! हे दुसरं वाक्य सर तीनदा म्हणतात आणि म्हणायलाच हवं.

पुढे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचा चहाचा प्रयोग येतो. ८ कप, ४ मध्ये दूध आधी, ४ मध्ये चहा आधी, चव घेऊन ओळखायचं. निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १. पण दूध आधीच्या चारातले तीनच बरोबर निघाले तर? तीन किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १७, म्हणजे पुरावा गेलाच. सँपल छोटं असलं की काय होतं ते मला इथे कळलं. ०.०५ हा आकडाही फिशरने १९२५ मध्ये सोयीचा म्हणून सुचवला होता, तो काही निसर्गनियम नाही, हेही स्पष्ट सांगतात.

आता तक्रार. तिसऱ्या आठवड्यातल्या क्विझचा चौथा प्रश्न: पी ०.०३ आली म्हणजे काय? बरोबर धरलेलं उत्तर, "नल खरं असण्याची शक्यता ३ टक्के". साफ चूक! पी काढतो तीच मुळी नल खरं आहे असं धरून, मग तिच्यातूनच नल खरं असण्याची शक्यता कशी निघेल? अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदन काढून हेच बजावलं होतं, आणि सर स्वतः व्हिडिओत बरोबर सांगतात. दोनदा मेल केला, दोन्ही वेळा छापील उत्तर आलं, प्रश्न तसाच आहे. याचा मला मनापासून राग आला, कारण नवीन माणूस क्विझवरच विश्वास ठेवतो.

टाइप टू एरर (खरा फरक असूनही तो हातून सुटणं) आणि पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) एकाच व्हिडिओत उरकलंय, तिथे अजून वेळ द्यायला हवा होता. पण वीस स्वतंत्र टेस्ट केल्या आणि खरा फरक कुठेच नसला तरी निदान एक तरी सिग्निफिकंट (म्हणजे पी ०.०५ च्या खाली) निघायची शक्यता ६४ टक्के, हे सिम्युलेशन चालवून दाखवलंय ते जरूर बघा.

चार स्टार. घेणार असाल तर त्या चौथ्या प्रश्नाला बरोबर उत्तरच द्या, मार्क गेला तरी चालेल.