१०७७ आणि पुरातली कुमक: सेवा चांगली, पण साखळी लांब

महापुरात १०७७ फिरवला की जिल्हा नियंत्रण कक्ष लागतो. कोकणासाठी ही सेवा अत्यावश्यक आहे, पण ती चालते कशी हे माहीत असेल तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो.

फोन उचलणारा माणूस एनडीआरएफला, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला, थेट हलवू शकत नाही. तहसीलदाराचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष. त्यांची मागणी राज्याच्या नियंत्रण कक्षामार्फत पुढे सरकते. लष्कर हवं असेल तरी मागणी नागरी प्रशासनाचीच लागते, आणि जवान आपल्याच अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली राहतात. खाजगी होड्या, ट्रक, इमारती मात्र २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ने जिल्ह्यातच ताब्यात घेता येतात, कलम ६६ने मोबदलाही मिळतो. होडीवाल्यांनी ताब्याचा लेखी आदेश जपून ठेवावाच.

खरी अडचण घाटाची. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याकडे, म्हणजे दरड कोसळली की रस्ताच बंद. म्हणूनच पावसाआधी तुकडी कोकणात आणून ठेवणं हाच या व्यवस्थेचा सर्वात मोलाचा भाग. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं आणि रायगडमधल्या तळिये गावात दरड कोसळली, दोन्ही एकाच दिवशी. अशा वेळी एक तुकडी कुठे कुठे पुरणार?

फोनवर "पाणी भरलंय" एवढंच सांगू नका. वाडी, जवळची खूण, पाणी कितव्या पायरीवर, किती माणसं, कोण अंथरुणाला खिळलेलं, होडी कुठून शिरेल, हे सगळं सांगा. बाजारपेठेच्या गल्लीत तारा आणि दोर होडीच्या पंख्यात अडकून इंजिन बंद पडतं, म्हणून मोकळी वाट आधी कळवा.