व्हजायनोप्लास्टीनंतरचे ११ महिने: माझ्या शरीराची ठेवण आणि मला मिळालेला निकाल

मी ट्रान्स स्त्री. व्हजायनोप्लास्टी, म्हणजे योनी घडवण्याची शस्त्रक्रिया, होऊन ११ महिने झाले. तिसऱ्या महिन्यातच लिहायला बसले होते, पण तेव्हा सूज उतरली नव्हती आणि मनही थाऱ्यावर नव्हतं. तेव्हा लिहिलं असतं, तर त्यातलं निम्मं आज खोडावं लागलं असतं.

माझी शस्त्रक्रिया पेनाइल इन्व्हर्जन पद्धतीची. लिंगाची त्वचा उलटी करून आत वळवायची आणि तिचंच योनीमार्गाला अस्तर द्यायचं. १९५० च्या दशकात कासाब्लांकामध्ये डॉ. जॉर्ज ब्युरू यांनी ही पद्धत रूढ केली. तंत्र पुढे खूप सुधारलं, पण आजही अस्तर तुमच्याच कातडीचं असतं. ती किती आहे, यावर बरंच काही ठरतं. पहिल्या भेटीत सर्जनबाईंनी पट्टी लावून त्वचा ताणून मोजली तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं होतं. त्या एका मोजमापावर पुढचं किती अवलंबून होतं, हे नंतर कळलं.

माझी त्वचा मुळात कमी, त्यात बरीच वर्षं हार्मोन्स घेतल्याने आणखी आक्रसलेली. म्हणून वृषणकोशाची त्वचा ग्राफ्ट म्हणून जोडावी लागली. ज्यांची सुंता झालेली असते किंवा ज्यांनी लहान वयात प्युबर्टी ब्लॉकर, म्हणजे वयात येणं थांबवणारी औषधं, घेतलेली असतात, त्यांच्याकडे कातडी याहूनही कमी असू शकते. अशा वेळी पोटाच्या आतलं अस्तर, म्हणजे पेरिटोनियम, किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा वापरण्याचा पर्याय असतो. आतड्याचं अस्तर स्वतः ओलावा सोडतं, कधी कधी नको इतका. माझं कातडीचं असल्याने वंगण बाहेरूनच लावावं लागतं.

केसांबद्दल कळकळीने सांगते. ही कातडी आत जाणार असेल, तर तिच्यावरचे केस आधी मुळापासून काढायला हवेत, आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात. मी सुरुवातीला जिथे चौकशी केली, तिथे ‘ते नंतर बघू’ म्हणाले होते. नंतर आत हात पोचत नाही! नशिबाने दुसरीकडे वेळीच सांगितलं आणि मी इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने केसांची मुळं जाळणं, पूर्ण केलं.

आता खोलीबद्दल, कारण सगळ्यात जास्त रडले ते यावरून. नवा मार्ग आक्रसू नये म्हणून आत डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी घालून ठेवावी लागते, यालाच डायलेशन म्हणतात. माझ्या डायलेटरवर ठरावीक अंतरावर ठिपके आहेत. माझ्याच सुमारास शस्त्रक्रिया झालेल्या मैत्रिणीचा डायलेटर माझ्यापेक्षा एक ठिपका जास्त आत जायचा. मी रोज तो एक ठिपका मोजायचे. काहीतरी चुकलं, मी पुरेसं डायलेशन केलं नाही, असं वाटत राहायचं. शेवटी सर्जनबाईंनी कागदावर शरीराच्या उभ्या छेदाचं चित्र काढून दाखवलं. पुढे मूत्राशय आणि प्रोस्टेट, मागे गुदाशय, आणि या दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेत नवा मार्ग. वरच्या टोकाला पेरिटोनियमची घडी. कातडी कमी पडली तर जोडता येते. पण ओटीपोटाची हाडं रुंद करता येत नाहीत, आणि गुदाशयाच्या भिंतीशी जास्त धाडस केलं तर तिला इजा होऊन फिस्टुला, म्हणजे दोन्ही मार्गांना जोडणारं भोक, होऊ शकतो. त्या कुठे थांबल्या आणि का, हे त्या चित्रात मला पहिल्यांदा दिसलं. मैत्रिणीची ठेवण वेगळी, माझी वेगळी.

आणि माझी खरी अडचण तर खोलीची नव्हतीच. दुसऱ्या ठिपक्यापाशी डायलेटर अडायचा आणि मी जोर लावायचे. पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्टने सांगितलं की तिथले स्नायू आवळलेले आहेत. लहानपणापासून त्या भागाला अंग चोरून जगले, त्याची सवय असावी, असं मला वाटतं. तिने पोटावर हात ठेवून लांब श्वास सोडायला लावला. डायलेटर तिथेच धरून ठेवायचा, ढकलायचा नाही. चौथ्या-पाचव्या श्वासाला तो अडथळा हाताला जाणवेल असा सैल झाला आणि डायलेटर आपोआप सरकला. पुन्हा निवडीची वेळ आली, तर या स्नायूंची तपासणी शस्त्रक्रियेच्या आधीच करून घेईन. सुरुवातीला दिवसातून तीनदा डायलेशन होतं, आता एकदा.

बाहेरच्या रूपाचंही तसंच. ओटीच्या भागात चरबी किती, वृषणकोशाची कातडी किती सैल, व्रण कसे भरतात, यावर बाहेरचे ओठ कसे दिसणार हे ठरतं. माझा डावा ओठ थोडा भरीव आहे, आणि वरच्या टोकाला व्रणाचा पातळ पडदा आलाय. पहिले दोन महिने लघवीची धार वाकडी जायची, सूज उतरल्यावर ती सरळ झाली. आत एका जागी ग्रॅन्युलेशन, म्हणजे जखम भरताना वाढलेलं लालसर मांस, झालं होतं, तिथे सिल्व्हर नायट्रेट लावल्यावर रक्त यायचं थांबलं.

संवेदना परत येईल का, या भीतीने माझी झोप उडाली होती. क्लिटोरिस लिंगाच्या टोकापासूनच घडवतात, त्याच्या नसा आणि रक्तवाहिन्या न तोडता. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी तिथे अचानक मुंग्या आल्या, बारीक करंट लागावा तशा. मी उठून बसले आणि कितीतरी वेळ रडले. आज तो स्पर्श माझा आहे, स्पष्ट आहे. प्रोस्टेट काढत नाहीत. ती योनीमार्गाच्या पुढच्या भिंतीपलीकडे असते आणि तिथेही जाणवतं. म्हणून वय वाढल्यावर प्रोस्टेटची तपासणी विसरू नका, आणि नव्या डॉक्टरांना ती आहे हे स्वतःहून सांगा.

पुढच्या महिन्यात वरच्या पडद्यासाठी तपासणी आहे. छोटी दुरुस्ती करायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही. विचारायच्या प्रश्नांची यादी वहीत लिहून ठेवली आहे, आणि त्यात या वेळी खोलीबद्दल एकही प्रश्न नाही.