पौंड-डॉलरचे जुने दर देणारी सेवा: आकडे बरोबर, पण कोणत्या वेळेचे?

ब्रिटिश पौंड आणि अमेरिकी डॉलर यांचे जुने विनिमय दर तारखेनुसार काढून देणारी एक विनामूल्य सेवा मी गेले वर्षभर जवळजवळ रोज वापरत आहे. जुन्या करारांतील पौंडांच्या रकमा त्या त्या दिवशीच्या डॉलरांत मांडणे हा माझ्या कामाचा भाग असल्यामुळे दर चौथ्या दशांशापर्यंत बरोबर असून भागत नाही, तो कुठून आला हेही मला सांगावे लागते. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा या प्रकारच्या इतर सेवांतही थोड्याफार फरकाने आढळतात.

मांडणी साधी आहे. दोन चलने आणि दोन तारखा दिल्या की आलेख व तक्ता लगेच समोर येतो आणि तक्ता फाइल म्हणून उतरवून घेता येतो. चलनांची अदलाबदल केल्यावर मासिक सरासरी उलट आकड्यांवरून नव्याने काढली जाते, ही विशेष कौतुकाची गोष्ट आहे. डॉलरमधील पौंडाच्या सरासरीने एकाला भागले की पौंडमधील डॉलरची सरासरी मिळत नाही, हे अनेक सेवा विसरतात. (चलन बाजारातले लोक या जोडीला अजूनही ‘केबल’ म्हणतात, कारण एकोणिसाव्या शतकात हा दर अटलांटिक महासागराखालच्या तारेतून येत-जात असे.)

अडचण सुरू होते ती एका दिवसाला एकच आकडा या पद्धतीपासून. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या सार्वमताचा निकाल लागला त्या २४ जून २०१६ च्या पहाटेपर्यंत पौंड १.५० डॉलरवरून १.३२ पर्यंत कोसळला होता. सेवेच्या तक्त्यात त्या तारखेसमोर आहे १.३७. हा आकडा चुकीचा नाही, पण तो कोणत्या घटकेचा आहे हे पानावर कुठेही लिहिलेले नाही. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या तक्त्यांशी ताडून पाहिल्यावर उलगडा झाला: सेवेचे आकडे तिथलेच आहेत. ही बँक मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारी सव्वादोनच्या सुमाराची स्थिती पाहून संदर्भ दर ठरवते आणि तेही प्रत्येक चलनाचे युरोशी. म्हणजे आपण पाहतो तो पौंड-डॉलर दर प्रत्यक्ष सौद्यांचा नसून दोन युरो-दरांच्या भागाकारातून निघालेला आहे. हे दर केवळ माहितीसाठी आहेत, असे ती बँक स्वतः स्पष्ट सांगते. सेवा मात्र त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. अमेरिकेची मध्यवर्ती बँक न्यूयॉर्कमधील भर दुपारी बाराचे दर देते आणि लंडनचा प्रसिद्ध दर दुपारी चारचा असतो, तेव्हा उलथापालथीच्या दिवशी या तिन्ही आकड्यांत मोठी तफावत पडू शकते.

याच कारणामुळे ‘आजवरचा नीचांक’ दाखवणारी चौकट निरुपयोगी ठरते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी आशियातील बाजार उघडताच पौंड १.०४ च्याही खाली गेला होता. दुपारपर्यंत तो बराच सावरला आणि तक्त्यात उरला तो सावरलेला आकडा. ७ ऑक्टोबर २०१६ च्या उत्तररात्री पौंड काही मिनिटांत सुमारे ९ टक्के घसरला, त्या घटनेचा तर येथे मागमूसही नाही. अर्थात त्या रात्रीचा नेमका तळ किती, याबद्दल व्यवहार-मंचांचेच एकमत नव्हते, त्यामुळे तेवढ्यापुरता दोष मी सेवेला देणार नाही.

सुट्टीच्या दिवसांचा प्रकार मात्र खटकतो. शनिवार-रविवारच्या रकान्यांत शुक्रवारचाच दर बेमालूम भरलेला असतो. १ मे २०१९ हा बुधवार होता आणि लंडन, न्यूयॉर्क दोन्हीकडे व्यवहार सुरळीत चालू होते. पण युरोपीय बँकेला त्या दिवशी सुट्टी असल्यामुळे तक्त्यात ३० एप्रिलचा आकडा चौथ्या दशांशापर्यंत जसाच्या तसा उभा आहे. नुसता तक्ता पाहणाऱ्याला त्या दिवशी दर तसूभरही हलला नाही असेच वाटेल.

युरो १९९९ मध्ये आला, त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी सेवेने मासिक सरासरीचा आधार घेतला आहे आणि इथे तिचा वापर जपूनच करावा. पौंडाचे अवमूल्यन २.८० वरून २.४० वर झाले ते १८ नोव्हेंबर १९६७ रोजी, शनिवारी, बाजार बंद असताना. त्या महिन्याची सरासरी या दोन दरांच्या मधोमध कुठेतरी पडते, म्हणजे ज्या दराने त्या महिन्यात कोणीही एक पौंड बदलून घेतला नसेल तो दर सेवा आपल्याला देते. १९४९ च्या सप्टेंबरचेही तेच: १८ तारखेच्या रविवारी ४.०३ चा दर २.८० झाला आणि सरासरीने ती उभी कडा गुळगुळीत उतार करून टाकली. ब्रिटनने सोन्याशी असलेले नाते तोडले तो १९३१ चा सप्टेंबरही असाच झाकला गेला आहे. पौंड त्या वेळी ४.८६ वरून सुटला आणि वर्ष संपेपर्यंत साडेतीनच्याही खाली आला. आलेखावर मात्र तो संथपणे ओघळल्यासारखा दिसतो. जून १९७२ मध्ये पौंड तरता झाला, म्हणजे त्याचा दर ठरवून न देता बाजारावर सोडला गेला, तेव्हापासून सरासरीने इतका घात होत नाही, तरी एखाद्या विशिष्ट दिवसाच्या रकमेसाठी ती चालणार नाही. १९७१ पासूनचे रोजचे दर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडे आहेत आणि मी ते तिथूनच घेतो.

या सगळ्याबद्दल सेवेच्या चालकांना मी सविस्तर पत्र लिहिले. उत्तर सौजन्याचे होते आणि काही आठवड्यांनी शनिवार-रविवारचे रकाने फिकट रंगात दिसू लागले. १ मेचा आकडा अजून गडद अक्षरांतच आहे.