नळाला सिरॅमिक स्पिंडल बसवून आठ महिने झाले

स्वयंपाकघरातील सिंकच्या नळाचे जुने पितळी स्पिंडल (मुठीखालचा, फिरवल्यावर पाणी सोडणारा-अडवणारा भाग) काढून त्याच जागी सिरॅमिक चकत्यांचे, पाव फेऱ्यात उघडणारे स्पिंडल मी स्वतः बसवले, त्याला आता आठ महिने झाले आहेत. त्याआधी मी तीनदा वायसर बदलला होता आणि तिन्ही वेळा काही आठवड्यांतच थेंब पुन्हा सुरू झाले होते. सेकंदाला एक थेंब म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण 20 थेंबांचे सुमारे 1 मिलिलिटर धरले, तर दिवसाकाठी 4 लिटरांहून अधिक पाणी वाया जाते.

वायसर निर्दोष होते. नळाच्या आत वायसर ज्या पितळी कडेवर टेकतो, तिला एका बाजूला बारीक खाच पडली होती. पाणी थांबावे म्हणून घरातले सगळे चावी अधिकाधिक आवळत आणि त्या दाबाने रबर त्याच खाचेवर कापले जाई. सिरॅमिक स्पिंडलमध्ये पाणी अडवण्याचे काम एकमेकींवर घासून सरकणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्या करतात. खालची रबरी कडी त्या पितळी कडेवर एकदाच दाबून बसते आणि पुढे हलत नाही. माझ्या नळातील खाच नखाला जेमतेम जाणवेल एवढीच असल्याने ती या जाड कडीखाली झाकली गेली. खोल असती, तर हा उपाय चालला नसता.

बसवायला अर्धा तास पुरला असता, परंतु पहिले स्पिंडल परत करावे लागले, कारण त्याचे आटे जुळत असूनही वरचे दाते मूठ बसण्याजोगे नव्हते. जुने स्पिंडल सोबत नेऊन दाते मोजून घेतले असते, तर हा हेलपाटा वाचला असता. अँगल कॉक (नळाकडे येणारे पाणी बंद करणारी छोटी तोटी) बंद करणे आणि स्क्रू आत पडू नये म्हणून सिंकच्या जाळीवर फडके टाकणे, एवढी काळजी मात्र मी घेतली होती.

चौथ्या महिन्यात नळ पुन्हा ठिबकू लागला, तेव्हा मन खट्टू झाले. स्पिंडल उघडल्यावर चकत्यांच्या मध्ये वाळूचा एक कण आणि कडेला क्षाराचा पांढरा थर दिसला. चूक माझीच होती: नवा भाग बसवण्यापूर्वी अँगल कॉक क्षणभर उघडून नळीतील गाळ वाहून जाऊ द्यायला हवा होता, तो मी दिला नाही. स्पिंडल तासभर व्हिनेगरमध्ये ठेवून मऊ ब्रशने धुतले आणि रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावून पुन्हा बसवले. रबर फुगते म्हणून खाद्यतेल किंवा व्हॅसलीन वापरले नाही. त्यानंतर आजवर एक थेंबही पडलेला नाही.

दोन गोष्टी अजून खटकतात. मूठ झटक्यात बंद केली, की भिंतीतील पाइपात धप्प असा आवाज होतो, म्हणून ती सावकाश फिरवावी लागते. शिवाय पाव फेऱ्यातच पूर्ण धार सुटत असल्याने बारीक धार ठेवणे जुन्या नळाइतके सोपे नाही, आणि भाजी धुताना ते रोज जाणवते. उलट, पिठाने माखलेल्या हाताने नळ उघडायचा असेल, तर मनगटाचा एक धक्का पुरतो.